रानातली ‘रुळाची वाट’ खरी कशी ठरवावी?

प्रश्न : खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील आमच्या गावालगतच्या रानात, डोंगराच्या कडेने गेलेला सुमारे सव्वादोन मीटर रुंदीचा एक सपाट पट्टा आहे. गावातली जुनी माणसे त्याला ‘रुळाची वाट’ म्हणतात. माझे आजोबा सांगत असत की, या वाटेने मँगनीजचा दगड भरलेले लोखंडी डबे आपोआप खाली येत आणि रिकामे डबे बैल वर ओढून नेत. आज त्या वाटेवर एकही रूळ दिसत नाही. मात्र शेजारच्या गोठ्याच्या छपराला तुळईच्या जागी रुळाचा एक तुकडा बसवलेला असून त्याची उंची साडेसहा सेंटिमीटर भरते. हा खरोखर अरुंद रुळांचा खाणमार्ग होता का, हे मी कसे ठरवावे? — एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील चार गोष्टींपैकी गावातले नाव सर्वांत मोहात पाडणारे आहे आणि पुरावा म्हणून तेच सर्वांत कच्चे आहे. आपल्या सीमाभागात अशी नावे ज्या जागांना चिकटलेली आढळतात, त्यांतील पुष्कळ जागांचा खाणींशी काही संबंध नसतो. मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग मुळात मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता, लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मार्मागोव्याला उतरणारा मार्गही मीटर गेजचाच होता आणि अळणावरहून दांडेलीला जाणारा फाटा तर जंगलातल्या लाकडासाठीच ओळखला जाई. १९९० च्या दशकात मुख्य मार्ग रुंद झाले. गेज बदलताना वळणे सरळ केली जातात, मोऱ्या नव्याने बांधल्या जातात आणि जुना भराव झाडोऱ्यात तसाच पडून राहतो. पुढच्या पिढीला तो भराव कशाचा, हे आठवत नाही, फक्त ‘रूळ’ हा शब्द आठवतो. म्हणून नाव तूर्त बाजूला ठेवावे आणि जमिनीला विचारावे.

जमिनीची सर्वांत विश्वासू साक्ष म्हणजे उतार. रुंदी झिजते, बांध ढासळतो, खडी लोक घरबांधणीला नेतात. परंतु एकदा कोरलेला उतार शंभर पावसाळ्यांनंतरही बराचसा टिकून राहतो. तो मोजायला गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. पंधरा मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंत पातळीचा फरक पंचवीस सेंटिमीटर निघाला, तर उतार साठास एक, म्हणजे साठ मीटरांत एक मीटर झाला. अशी किमान वीस मापे सलग घ्यावीत आणि वहीत ओळीने लिहावीत. पाण्याचा पाट असेल, तर पंधरा मीटरांत दीड सेंटिमीटरही फरक पडणार नाही. रेल्वेचा मुख्य मार्ग सपाट मुलखात सहसा शंभरास एकपेक्षा अधिक चढत नाही. कॅसलरॉकच्या घाटात मात्र तो सदतिसास एक चढतो आणि नेरळ–माथेरानच्या छोट्या गाडीचा मार्ग विसास एकपर्यंत जातो. बैलगाडीची वाटही विसास एकच्या आसपास असू शकते, त्यामुळे केवळ एका मापावरून निकाल देता येत नाही. फरक सातत्यात असतो. गाडीवाट ओढा आला की खाली उतरते, पुन्हा चढते, अवघड जागी आखडते. रुळांची वाट शेकडो मीटर एकच उतार धरून चालते आणि त्या एका हट्टापायी कुठे डोंगर कापते, तर कुठे ओढ्यावर भराव घालते.

येथे आपल्या आजोबांच्या सांगण्याची परीक्षा होऊ शकते आणि मला ती या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मनोरंजक गोष्ट वाटते. हलक्या रुळांवर सपाटीला एक टन भार हलता ठेवण्यासाठी ढोबळमानाने दहा किलो जोर लागतो. शंभरास एक उतारावर गुरुत्वाकर्षणाची ओढही टनामागे दहा किलोच असते. म्हणजे भरलेला डबा तेथे जेमतेम स्वतःहून चालतो. साठास एक उतारावर ती ओढ सोळा-सतरा किलो होते, डबे निश्चित पळतात आणि त्यांना ब्रेक लावून आणावे लागते. उलट दिशेने, त्याच उतारावर चारशे किलोचा रिकामा डबा वर न्यायला सुमारे अकरा किलो जोर पुरतो. म्हणजे एक बैलजोडी पाच-सहा डबे सावकाश ओढू शकते. आपल्या वाटेचा उतार ऐंशीस एक ते चाळीसास एक या टप्प्यात आणि खाणीकडून खाली असा सलग निघाला, तर आजोबांची आठवण हिशेबात बसते. तो दीडशेस एक निघाला, तर डबे ‘आपोआप’ खाली येणे शक्य नव्हते. आणि तो दहास एक असेल, तर एका बैलजोडीला एका वेळी जेमतेम एकच रिकामा डबा वर नेता आला असता.

दहास एक किंवा त्याहून तीव्र असा सरळसोट, वळण नसलेला उतार मध्येच आढळला, तर मात्र निराश होऊ नये. खाणमार्गांवर अशा उतारावर दोरीची व्यवस्था करीत. माथ्यावर मोठे चाक किंवा पिंप बसवलेले असे; त्यावरून गेलेल्या तारेच्या दोराच्या एका टोकाला भरलेले डबे, तर दुसऱ्याला रिकामे, आणि उतरणाऱ्यांच्या वजनाने रिकामे वर येत. यंत्र भंगारात जाते, पण त्याचा चौथरा आणि चौथऱ्यातले जाड बोल्ट सहसा माथ्यावरच सापडतात. उताराच्या अर्ध्यावर वाट काही अंतर दुहेरी झालेली दिसली, तर ती डबे एकमेकांना ओलांडून जाण्याची जागा समजावी.

उतारानंतर वळण मोजावे. दहा मीटर दोरी वळणाच्या बाहेरच्या कडेला टोकाटोकाला ताणून धरावी आणि मध्यावर दोरीपासून कडेपर्यंतचे अंतर घ्यावे. दोरीच्या लांबीच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागले की त्रिज्या मिळते. अंतर अर्धा मीटर असेल, तर त्रिज्या पंचवीस मीटर. भारतीय मीटर गेजवर सर्वांत कडक वळणही सुमारे १०९ मीटर त्रिज्येचे असते, म्हणून पंचवीस-तीस मीटरांचे वळण दिसले की मीटर गेजचा विषय तेथेच संपतो. मात्र गाडीवाटेसारखे एका जागी गर्रकन फिरणारे वळण कोणत्याच रुळांना जमत नाही. तेथे वाट पुढे थोडी जाऊन आंधळी संपते आणि दुसरी वाट उलट दिशेने निघते, असे दिसले, तर गाडी पुढे नेऊन मागे ढकलत चढवण्याची ती जुनी युक्ती असते. बोरघाटात खंडाळ्याजवळ मोठ्या रेल्वेनेही १९२९ पर्यंत हीच युक्ती वापरली.

आता गोठ्यातला रूळ. साडेसहा सेंटिमीटर उंचीचा रूळ मीटरला साधारण दहा किलो भरतो. जुन्या हिशेबाने यार्डाला वीस पौंड. मीटर गेजच्या मुख्य मार्गावर यार्डाला पन्नास-साठ पौंडांचे रूळ असत आणि त्यांची उंची साडेदहा ते साडेअकरा सेंटिमीटर भरते. तेव्हा आपला तुकडा लोंढा मार्गावरचा नाही, एवढे निश्चित म्हणता येते. छपरातून न काढता तो नीट ओळखायचा असेल, तर टोकाकडील छेदाचा ठसा कागदावर घ्यावा, चौकटीच्या कागदावर क्षेत्रफळ मोजावे आणि चौरस सेंटिमीटरांना ०.७८५ ने गुणावे. उत्तर मीटरमागे किलोंत येते. रुळाच्या उभ्या पाटीवर बहुधा उठावाची अक्षरे असतात. तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवून वर खडू घासला की ती वाचता येतात. बॅरो, क्रुप, कार्नेगी, टाटा अशी कारखान्याची नावे, वजनाचा आकडा आणि वर्ष तेथे सापडू शकते. ते वर्ष रूळ लाटल्याचे असते, टाकल्याचे नव्हे. खाणवाले जुने रूळ स्वस्तात घेत, त्यामुळे वाट त्या वर्षापूर्वीची नाही, इतकेच त्यातून कळते.

रुळाच्या तळपट्टीवर ठरावीक अंतराने रिव्हेटची भोके असतील, तर आणखी एक धागा हाती येतो. फ्रान्समधील देकोव्हील कंपनीने १८७० च्या दशकात पोलादी पट्ट्यांना रूळ पक्के जोडलेले तयार तुकडे विकायला सुरुवात केली. शिडीसारखा तो तुकडा दोन-चार माणसे उचलून नेत आणि हवा तेथे मांडत. पुढे इतर अनेक कारखान्यांनी तसाच माल काढला. अशा शिडीतील एखादी पोलादी पट्टी गावात कुंपणाचा खांब किंवा गटारीवरची फळी होऊन बसलेली असू शकते, आणि तिच्यावरील रिव्हेटच्या खुणांवरून दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, सेंटिमीटरपर्यंत अचूक मिळते. तेव्हा रानात जाण्याआधी गाव हिंडावे. गोठे, विहिरींचे रहाट, दारांच्या चौकटी पाहाव्यात. आणि शाळेत घंटा म्हणून टांगलेला लोखंडाचा तुकडा तर आपण वर्षानुवर्षे वाजवला असेल, त्याची उंची आता एकदा मोजून पाहावी.

तरीही सावध असावे. हलके रूळ केवळ खाणीत नव्हते. धरणांच्या बांधकामावर, दगडखाणींत आणि उसाच्या मळ्यांतही ते असत, आणि भंगाराच्या गाडीतून ते कोठूनही कोठेही जात. मी स्वतः एकदा तरुणपणी रानातला एक सुंदर सपाट पट्टा खाणमार्ग म्हणून मित्रांना छाती फुगवून दाखवला होता. जवळच्या वस्तीत हलका रूळही सापडला होता. पुढे पातळी लावली, तेव्हा तो शुद्ध पाट निघाला आणि रूळ एका बंधाऱ्याच्या कामावरून आलेला होता. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून मी एक खोटी गोष्ट तयार केली होती.

म्हणून वाट आणि खाण यांना जोडणारा दुवा वाटेवरच शोधावा, आणि तो म्हणजे सांडलेला दगड. उघड्या डब्यांतून माल नेताना वळणांवर आणि सांध्यांवर तो थोडाथोडा सांडतोच. मँगनीजचा दगड काळा, हाताला जड आणि बोटांना काजळी लावणारा असतो. आपल्या भागात जांभ्यातले लोखंडी खडेही काळसर दिसतात, त्यामुळे नजरेवर विसंबू नये. भिंतीच्या पांढऱ्या फरशीची मागची खरबरीत बाजू घ्यावी आणि तिच्यावर खडा ओढावा. मँगनीजची रेघ काळी किंवा काळपट तपकिरी उमटते, लोहखनिजाची तांबूस किंवा पिवळसर उमटते. वाटेच्या खालच्या अंगाला असे खडे सापडत गेले, पण वाटेपासून वीस पावलांवर डोंगरात ते नसले, तर ते वाटेवरूनच आले. तसेच जांभ्याच्या मुलखात काळ्या पाषाणाची फोडलेली खडी पट्ट्यावर दिसली, तर ती कोणीतरी मुद्दाम आणून पसरलेली आहे.

कागदपत्रांकडे यानंतर वळावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या, मैलाला एक इंच मापाच्या नकाशांत बेळगाव, खानापूर आणि लोंढ्याचा मुलूख ‘४८ आय’ या गटात येतो, तर निपाणी-चिकोडीकडचा ‘४७ एल’मध्ये. ट्राम आणि हलक्या लोहमार्गांना नकाशात मोठ्या रेल्वेपेक्षा वेगळे चिन्ह असते, म्हणून आधी चिन्हांची सूची वाचावी. चिन्ह नसले, तरी उंचीच्या रेषेला जवळजवळ समांतर जाणारी आणि अचानक संपणारी पायवाट दिसली, तर ती लक्षात ठेवावी. गावनकाशावर रेल्वेसाठी संपादन केलेली जमीन लांब, अरुंद आणि स्वतंत्र क्रमांकाची दिसते. खाजगी खाणीचा मार्ग मात्र खाणपट्ट्याच्या हद्दीत किंवा वनखात्याच्या परवानगीने जात असे, त्यामुळे त्याचा असा ठसा बहुधा नसतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ चा, म्हणजे आपल्या भागात रेल्वे येण्याच्या आधीचा आहे. त्यात रुळांचा उल्लेख नाही, याला काही अर्थ नाही. मँगनीजवरचा फर्मर यांचा मोठा अहवाल १९०९ चा असून तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने छापला होता. खाणींपासून स्थानकापर्यंत माल कसा जाई, याकडे अशा अहवालांचे लक्ष असते. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून त्यापूर्वीच्या खाणपट्ट्यांची आणि वनखात्याची सरकारी कागदपत्रे बंगळुरूपेक्षा मुंबईच्या पुराभिलेखागारात मिळण्याची शक्यता अधिक आहे. चंदगडकरांची गोष्ट याच्या उलटी आहे. त्यांचा तालुका तेव्हा बेळगावात होता आणि नंतर कोल्हापुरात गेला, त्यामुळे त्यांनी बेळगावची जुनी दप्तरेही पाहावीत.

रानात जाण्याला फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ बरा. पाने गळलेली असतात आणि नजर लांब जाते. परंतु एक फेरी पाऊस ओसरल्यावरही मारावी, कारण कापलेल्या भागात तेव्हा पाणी साचून राहते आणि वाटेची रेघ आपणहून उमटते. आपले रान भीमगड अभयारण्यात येत असेल, तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घ्यावी. हे अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले आहे आणि तेथून रुळाचा गंजका तुकडा उचलणे हाही गुन्हा ठरू शकतो. जुन्या खाणीच्या बोगद्यात कोणत्याही कारणाने शिरू नये. आत प्राणवायू कमी असू शकतो, छत केव्हाही सुटते, आणि वटवाघळांच्या वसाहती माणसाच्या वावराने उठून जातात. याच भागातील बारापेडे गुहा रॉटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुर्मिळ वटवाघळासाठी जगभर माहीत आहे. बोगद्याच्या तोंडाची मापे आणि छायाचित्रे बाहेरून घ्यावीत. रुळांचे माग सापडायचे, ते बाहेरच्या मलब्याच्या ढिगावरच सापडतात, कारण डबे रिकामे करण्यासाठी रूळ ढिगाच्या माथ्यावर पुढे पुढे सरकवीत नेत असत आणि त्यामुळे ढीग हाताच्या बोटांसारखे पसरतात.

प्रश्न : मिरजेहून पंढरपूरला जाणारी छोटी गाडीही मूळ खाणीसाठीच बांधली होती, असे एकाने सांगितले. ते खरे आहे का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेला तिचा पहिला तुकडा १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत सुरू झाला. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. तिचे पोट कापूस, धान्य आणि वारकरी यांच्यावर भरत असे. दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर होते आणि प्रत्येक आसावर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, पाच टनांपर्यंत भार येईल, अशा बेताने सारी गाडी बेतलेली होती. खाणमार्गाशी गल्लत होऊ नये म्हणून इतकेच ध्यानात ठेवावे की, अशा सार्वजनिक मार्गावर स्थानके, फलाट, पाण्याच्या टाक्या आणि मैलाचे दगड यांचे अवशेष सापडतात. खाणमार्गाला यांतले काहीच लागत नव्हते.

प्रश्न : कर्नाटकात खनिजासाठी अरुंद रुळांचा मार्ग नक्की कोठे होता, म्हणजे तुलनेसाठी पाहता येईल? — एक विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : भद्रावतीचे नाव पहिले घ्यावे. तेथील लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला. केम्मणगुंडीच्या डोंगरावरचे लोहखनिज आकाशमार्गी पाळण्यांतून तणिगेबैलपर्यंत खाली येई आणि तेथून दोन फुटी रुळांच्या ट्रामने कारखान्यात जाई. डोंगराच्या तीव्र भागात पाळणे आणि सौम्य भागात रूळ, ही विभागणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. आपल्या घाटमाथ्यावर शोधणाऱ्यांनी वाट एकाएकी कड्यावर संपलेली पाहिली, तर खाली पाळण्याच्या खांबांचे चौथरे आहेत का, हे जरूर पाहावे.

प्रश्न : भंगारवाल्याकडे कडा असलेले एक लहान ओतीव चाक मिळाले. त्यावरून गेज कळेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : सुट्या चाकावरून कळणार नाही. दोन चाके आसावर पक्की बसलेली मिळाली, तरच त्यांच्या आतल्या बाजूंमधले अंतर मोजता येते, आणि ते गेजपेक्षा साधारण पाच ते आठ सेंटिमीटरांनी कमी असते. चाक आसावर मोकळे फिरत असेल, तर आसावरील झिजलेले पट्टे पाहावेत. चाके वर्षानुवर्षे जेथे बसली, तेथे लोखंड गुळगुळीत झालेले असते. भंगारवाल्याला आस वितळायला देऊ नका, असे आजच सांगून ठेवावे.